हक्कसोडपत्राची साक्षीदार

अगं, आमच्या दादासारखा समानतेचा कैवारी अख्ख्या मुळशीत न्हाई! परदेशी संस्थेची मॅडम आमच्या माण गावात आली, 'जमिनीत बाईचाही वाटा' असा कार्यक्रम होता. दादानं मला हाताला धरून स्टेजवर नेलं. म्हणाला, "आमच्या घरात भाऊ-बहीण समान!" मॅडम खूश, आमचा फोटोच काढला तिनं.

खाली उतरलो तसा दादा म्हणतोय, "आलीच हायेस तर पौडला रजिस्ट्री कचेरीत चल. बापाच्या जमिनीतला वाटा सोडते म्हणून सही करून टाक. वकील थांबलाय."

मी म्हणलं, "करते की. साक्षीदार किती लागतात?"

"दोन. एक आणलाय मी."

"मग दुसरी साक्षीदार ह्या मॅडमलाच घेऊ. थांब, बोलावते. फोटो बी तीच काढंल."

तवापासून दादाच्या वकिलाला वेळच मिळत न्हाई बघ.