शोच्या आदल्या दिवशी कापलेली आयाळ

मी, टेलरकाका म्हणून सगळ्यांच्या ओळखीचा, वय ५६ वर्षे, धंदा शिवणकाम, राहणार माझ्याच दुकानाच्या वरच्या मजल्यावर, पोलीस ठाण्यात स्वतः हजर होऊन विचारल्यावरून सांगतो की,

मी वरील पत्त्यावर पत्नीसह राहतो. मुलगी लग्न होऊन दूर गेली, त्यानंतर पत्नीने बंड्या नावाचा कुत्रा आणला. तो मेंढ्या राखणाऱ्या जातीचा, पण बुटका, जेमतेम गुडघ्याएवढा आहे. आमच्याकडे मेंढ्या नसल्याने तो गिऱ्हाइकांना वळून दुकानाच्या कोपऱ्यात गोळा करतो.

पत्नी त्याला कुत्र्यांच्या शोसाठी तयार करते. या जातीच्या कानांची टोके पुढे वाकलेली असावी लागतात, म्हणून ती त्यांना चिकटपट्टी लावते. रोज सकाळी पाण्याचा फवारा मारून केसांचा एकेक थर उलगडून विंचरते. ते चालू असताना चहा मिळत नाही. परीक्षकाने तोंड उघडले तरी कुत्र्याने हलू नये, म्हणून त्याला टेबलावर उभे करून रोज त्याचे दात पाहते. माझी दाढ महिनाभर दुखत होती. सदर टेबल माझे कापड बेतण्याचे आहे.

त्याला शिकवायला दर रविवारी एक ट्रेनर येतो. त्यास सर्वजण मास्तर म्हणतात. तो माझ्याहून वयाने लहान असून डोक्यावर दाट केस आहेत. तो आला की पत्नी नवी साडी नेसते असे माझे म्हणणे नाही, धुतलेली नेसते. ती त्याच्याशी बोलताना हसते. काय विनोद झाला, असे मी विचारले असता, ‘‘तुम्हाला नाही कळायचं, कुत्र्याचं आहे ते,’’ असे उत्तर मिळाले.

उद्या शो आहे. आज दुपारी पत्नी सामान आणण्यास बाहेर गेली होती. त्या वेळेत बंड्याच्या छातीवरची आयाळ कोणीतरी आडवी कापली. कापणी सफाईदार असून कोठेही खाच नाही. माझा संशय मास्तरवर आहे. त्याने दुसऱ्या गिऱ्हाइकाचे कुत्रे जिंकावे म्हणून हे केले असावे. तरी त्याला बोलावून समज द्यावी व आमच्या घरी येण्यास बंदी करावी.

वरील मजकूर लिहून होत असताना पत्नी कुत्र्याला घेऊन ठाण्यात आली. तिने त्याला साहेबांच्या टेबलावर उभे केले. तो हलला नाही. ती म्हणाली, ‘‘साहेब, मास्तरांची कात्री दातेरी असते. ते केस विरळ करतात, रेघ पडूच देत नाहीत. आणि हे बघा.’’ तिने केस बाजूला केले. आत निळा खडू होता.

आधी खडूने आखल्याशिवाय कात्री लावायची नाही, ही माझी सवय आहे. चोरी करायची असती तरी मी ती आखूनच केली असती.

सबब मास्तरबाबत वर सांगितले ते खोटे आहे. आयाळ मी कापली. बंड्या सर्व वेळ शिकवल्याप्रमाणे उभा राहिला, मला चावला नाही. पत्नी माझ्यावर ओरडली असती तर बरे झाले असते. ती एवढेच म्हणाली, ‘‘अहो, दोन वर्षं घालवली मी यात. एकदा बोलला असतात तर?’’ त्यावर मी जे बोललो ते लिहून घेऊ नये, ही विनंती.

कारण विचारल्यावरून सांगतो की, मला हेवा वाटला. मास्तरचा वाटला आणि कुत्र्याचाही वाटला. माझ्या डोक्यावर विंचरण्याजोगे फारसे उरलेले नाही, हे मला मान्य आहे. परंतु आमच्या धंद्यात कापड बेतणाऱ्याला मास्तर म्हणतात, आणि लग्न झाल्यापासून पत्नी मला त्याच नावाने हाक मारत असे. तो ट्रेनर येऊ लागल्यापासून मी ‘अहो’ झालो. ‘‘मास्तर आले,’’ असे ती म्हणाली की मी अजूनही मशीनवरून मान वर करतो.

माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही. मास्तरची व पत्नीची माझ्याविरुद्ध असल्यास ती मला मान्य आहे.

माझा चष्मा घाईत दुकानात राहिला व साहेबांना फोन आला, त्यामुळे हा जबाब मला पत्नीने मोठ्याने वाचून दाखवला. मशीनवरून मान वर करण्याबद्दलचे वाक्य तिने मनातच वाचले. सगळे मोठ्याने वाचावे लागते, असे साहेबांनी फोन ठेवून सांगितले. तेव्हा तिने ते माझ्याकडे न बघता वाचले. मजकूर बरोबर आहे का, असे साहेबांनी मला विचारले. ‘बरोबर आहे’ असे ती म्हणाली.