खोट्या पावलाची हद्द

मंडळी, एक सांगा. खोटं बोलून झालं की ते जातं कुठं? हवेत विरतं? ऐकणाऱ्याच्या कानात राहतं? काय हो पाटील, तुम्हाला ठाऊक असेल! — नको, नका बोलू, घरची मंडळी मागं बसलीत.

मग माझं ऐका. खैरमाळ गाव. पहिलीच सरकारी मोजणी आलेली. साखळ्या, झेंड्या, केवढा थोरला कागद! पण मोजणीदार पडला परगावचा. त्याला काय माहीत कुणाचा बांध कुठं? साखळी लांबी सांगते बाबांनो, मालक नाही सांगत! म्हणून गावाची जुनी रीत. तंटा असला की शेतातलं ढेकूळ डोक्यावर घ्यायचं आणि हद्द चालून दाखवायची. पाऊल पडेल तशी कागदावर रेघ. काळी आई डोक्यावर घेऊन खोटं कोण चालेल?

तुळाजी चालला!

घरी म्हातारी आई अंथरुणाला खिळलेली, आणि हा गडी इकडं शेजाऱ्याच्या रानात पाऊल टाकतोय. शेजारी येसबा, गरीब माणूस. म्हणाला, "तुळाजी, बांध तर मागं राहिला की रं!"

"डोक्यावर माती हाय माझ्या! खोटं चालीन व्हय?"

झालं! बैलगाडी जाईल एवढी पट्टी त्यानं गिळली. मोजणीदारानं रेघ ओढली, शाई वाळली, माणसं जेवायला पांगली.

तुळाजी एकटाच राहिला त्या पट्टीत, खुशीत. ढेकूळ खाली ठेवलं — पण मान हलकी होईना! डोकं चाचपलं. काहीच नाही. ओझं मात्र आहेच. टळटळीत दुपार. वारा पडलेला. पाखरू बोलेना.

समोर घर दिसतंय. जुन्या बांधापाशी आला, पाय उचलला — पाय पलीकडं पडेना! येसबाच्या रानाच्या अंगाला वळला. नव्या रेघेवर तेच! पुढं नाही, मागं नाही. उन्हं कलली तशी त्याची सावली बांध ओलांडून घराकडं गेली. तुळाजी तिच्याकडं बघत उभा!

तेवढ्यात बायको भागाई पळत आली. "अवं, चला! आत्याबाईंचं काय खरं न्हाई. पाणी मागत्यात, तुमच्याच हातनं पायजे म्हणत्यात!"

तिनं हात धरून ओढलं. येसबा धावत आला, त्यानं कंबर धरली. तुळाजी जागचा हलेना. घरातून क्षीण हाक आली, "तुळ्या... पाणी दे रं..."

आता तरी खरं बोलावं की नाही? छे! "मोजणीदार चुकला!" म्हणाला. पाय हलेना. "येसबानंच धड दाखवलं न्हाई!" पाय हलेना. पट्टी सोडवत नव्हती हो त्याला! आई सुटत चालली होती, आणि ह्याला पट्टी सोडवेना!

पुन्हा हाक आली, "तुळ्या..." आणि मग आलीच नाही.

तेव्हा हंबरडा फोडला त्यानं. "मी खोटं चाललो! येसबा, रान तुझं हाय!"

मान हलकी झाली. पाय सुटला. धावला, तांब्या भरला, आईच्या ओठांना लावला. पाणी गालावरून खाली ओघळलं.

सुतक फिटल्यावर त्यानं गावासमोर पुन्हा ढेकूळ उचललं, खरी हद्द चालला. मोजणीदारानं जुनी रेघ खोडली, नवी ओढली. येसबाला त्याचं रान मिळालं. कागद दुरुस्त होतो, मंडळी. पण ते पाणी तसंच राहिलं.

का हो मंडळी? बांध काय फक्त तुळाजीनंच कोरला? ज्याचं रान तुम्ही दाबलंय, तो इथंच बसलाय, दोन माणसं सोडून. मी वीणा खाली ठेवतो. मृदंगबुवा, थांबा जरा. उठा, जा, त्याच्या कानात सांगून या. घरून हाक यायच्या आत सांगा. देवाचं नाव आपण मग घेऊ.