कपाटातला लोलक

शाळेच्या चालकांनो, ही पोरगी तुम्ही नापास केलीत. वडूजच्या एसटी थांब्यावर ती बापाशी काय बोलत होती, ते ऐका.

"शालू, प्रकाशाचं सात रंग तर तुला तोंडपाठ हायेत!"

"पाठ हायेत, आबा. पर परीक्षेत काचंचा लोलक हातात दिला, भिंतीवर रंग पाड म्हनाले. कसा धरायचा, ठावंच न्हाई."

"मग वर्सभर केलं काय?"

"दसऱ्याला गुरुजींनी त्याला हळदकुंकू वाहिलं. लगेच कपाटात ठेवून कुलूप लावलं. हात लावला तर फुटंल म्हनं."

"आन् पास झाल्यावर नर्सिंगला जानार हुतीस, त्याचं?"

"ऱ्हायलं आता."

"ऊठ. शाळंत चल."

"आवं आबा, भांडू नगा."

"भांडत न्हाई, इचारतो. काच फुटंल म्हून कुलूप लावलं. माज्या पोरीचं वरीस कोन भरून देनार? बोला म्हनावं!"