पणजीचा हुद्दा

सांतांदेर प्रांतातल्या आमच्या गावच्या दप्तरखान्यात मी रांगेत उभा होतो. पुढे सत्तरीच्या होविताबाई खिडकीतल्या कारकुनाशी भांडत होत्या.

“आजी, शंभर वर्षांपूर्वीच्या हजार दिवसांच्या यादवी युद्धातला बंडखोरांचा हजेरीपट हा. एउदोसिया पिंतो, स्वयंपाकीण. स्मारकावर फक्त लढलेल्यांची नावं कोरतात.”

“स्वयंपाकीण? बाळा, माझ्या पणजीला साधा भात जमत नव्हता. दरवेळी करपायचा!”

“असेल. पण हे त्यांच्याच बाजूच्या बंडखोरांनी लिहिलंय.”

“म्हणून तर चार वर्षं गावोगाव फिरले. हा कागद वाच. मोठ्याने. मागच्यांनाही ऐकू दे.”

“सरकारी सैन्याची कैद्यांची यादी... ‘एउदोसिया पिंतो. कॅप्टन. पूल तीन दिवस अडवून धरला. पहारा दुप्पट ठेवावा.’”

“थांबलास का? पुढचं वाच.”

“‘माफी मागायला नकार. गोळी घातली.’”

“आता सांग. तिच्याच माणसांना तिला कॅप्टन म्हणायची लाज वाटली. ज्यांच्यावर तिने बंदूक रोखली, त्यांनी हुद्द्यासकट लिहिलं. तू कुणाचं धरणार?”

“अर्ज साहेबांकडे पाठवतो. पण आजी, पाटीवर जागा फार उरली नाही.”

“मग आडनाव गाळ. ‘कॅप्टन’ पूर्ण कोर.”