शेजारच्या खोलीतल्या आवाजाबाबत लवू कुबल यांचा जबाब

नाव : लवू धोंडू कुबल, वय ६२ वर्षे, धंदा मासेमारी व पर्यटकांना खोल्या भाड्याने देणे, राहणार तोंडवली, तालुका मालवण.

मी आज दिनांक १२ फेब्रुवारी २०२५ रोजी स्वतःहून ठाण्यात आलो असून विचारल्यावरून सांगतो की, मी वरील पत्त्यावर पत्नी रुक्मिणी हिच्यासह राहतो. घरालगत माझ्या दोन खोल्या आहेत. त्यांपैकी समुद्राकडची खोली डिसेंबरपासून विनीत व त्याची पत्नी नम्रता या मुंबईच्या जोडप्याला दिली आहे. विनीत कंपनीचे काम खोलीतूनच करतो. व्हिडिओ गेमचे काही काम आहे, एवढे मला माहीत होते. दोघे आम्हाला काका-काकी म्हणतात. त्यांचे भांडण कधी ऐकलेले नाही.

काल दुपारी अडीचच्या सुमारास मी पडवीत जाळे दुरुस्त करत होतो. त्या खोलीतून मारहाणीचा आवाज आला. तीन ठोसे, मग बाईचे ओरडणे, मग शांत. थोड्या वेळाने पुन्हा तसेच. वीस मिनिटांत दहा-बारा वेळा झाले. ओरडण्यात शब्द नव्हते. दर वेळचे ओरडणे अगदी एकसारखे होते. मार खाणारे माणूस दर वेळी एकसारखे ओरडत नाही, हे मला माहीत आहे, पण त्या वेळी ते ध्यानात आले नाही.

मी उठलो तेव्हा रुक्मिणी म्हणाली, "नवरा-बायकोच्या मधी तुमी कित्याक पडतास?" तरी मी गेलो.

खोलीच्या दाराशी नम्रताच्या चपला होत्या. मी तीन हाका मारल्या. आतून उत्तर आले नाही, मात्र पुन्हा ठोसे ऐकू आले. मी पडवीतले वल्हे घेतले आणि दाराला खांदा दिला. कडी तुटली. आत विनीत पाठमोरा बसला होता. तो वळून उठला. त्याच्या मुठीत काळी वस्तू दिसली. मी वल्हे त्याच्या उजव्या हातावर मारले. वस्तू खाली पडून तिची काच तडकली. तो मनगट धरून खाली बसला आणि म्हणाला, "काका, काय झालं?"

मी खोलीत व न्हाणीत पाहिले. नम्रता नव्हती. टेबलावरच्या स्पीकरमधून मात्र तेच ओरडणे अडकल्यासारखे येत होते.

तेवढ्यात नम्रता मालवणहून रिक्षाने आली. पायात बूट होते, हातात मासळीची पिशवी होती. मी विचारले, "गो, तू खंय होतंस?" ती म्हणाली, "बाजारात, काका." मी पायरीवर बसलो. त्याच रिक्षाने आम्ही तिघे रुग्णालयात गेलो. विनीतच्या मनगटाचे हाड मोडले आहे.

तिथे त्याने मला सगळे सांगितले. हा ठोशांच्या मारामारीचा खेळ आहे. त्यात खेळणाऱ्याला स्वतःच्या फक्त दोन मुठी दिसतात, समोर येईल त्याला मारत पुढे जायचे असते. खेळ मोठ्या संगणकासाठी केलेला होता, तो हातात मावणाऱ्या यंत्रावर, म्हणजे त्याच्या मुठीतल्या त्या काळ्या वस्तूवर, चालेल असा करण्याचे काम विनीतकडे आहे. एका ठिकाणी समोर बाई येते. तिला तिसरा ठोसा बसला की यंत्र अडकायचे. दोष सापडावा म्हणून तो तीच जागा पुन्हा पुन्हा खेळत होता, आणि आवाज तपासण्यासाठी यंत्र स्पीकरला जोडले होते, म्हणून माझ्या हाका त्याला ऐकू आल्या नाहीत. नम्रताने फोनवर मला त्या खेळाचा व्हिडिओ दाखवला. मी विचारले, ती बाई मग उठते का? विनीत म्हणाला, "पहिल्यापासून सुरू केलं की उठते, काका." ते काम त्याला येत्या सोमवारी द्यायचे होते.

विनीत व नम्रता यांनी माझ्याविरुद्ध तक्रार नसल्याचे लिहून दिले आहे. तरी मी मारले, हे खरे आहे. एकदम दार का फोडले, पोलिसांना फोन का केला नाही, असे साहेबांनी विचारले. त्यावर सांगतो की,

माझी धाकटी बहीण मथुरा वैभववाडीकडे दिली होती. सन १९९९ च्या मे महिन्यात मी तिच्याकडे सुके बांगडे घेऊन गेलो होतो. ओटीवर बसलो असता आतून तिचे ओरडणे ऐकू आले. पहिल्यांदा मोठ्याने, मग कमी, मग नुसते कण्हणे. माझे मेहुणे बाहेर आले, त्यांनी हात धुतले आणि आतून चहा मागवला. चहा मथुराच घेऊन आली. तिने पदर तोंडापर्यंत ओढला होता. मी चहा प्यायलो. चारची एसटी पकडून घरी आलो. अकराव्या दिवशी ती विहिरीत सापडली. पाय घसरला, असे लिहिले गेले. तेव्हा पोलिसांनी माझा जबाब घेतला होता. बहिणीचा संसार सुखाचा होता, कोणावर संशय नाही, असे मी सांगितले होते. ते खोटे होते. मेहुणे आता हयात नाहीत.

विनीतचा हात बरा होईपर्यंत त्या दोघांचे जेवण आमच्याकडून जाईल. कडी मी आज सकाळी बसवून दिली.

मथुराविषयीचा मजकूर कालच्या घटनेशी संबंधित नसल्याने वगळावा का, असे साहेबांनी विचारले. राहू द्या, असे मी सांगितले. जबाब मला मराठीतून वाचून दाखवला. त्या भागाशी मी तो थांबवून पुन्हा एकदा वाचायला लावला. माझ्या सांगण्याप्रमाणे तो बरोबर लिहिला आहे.

सही
लवू धोंडू कुबल