कपांचे कान

किल्लीवाल्याच्या दुकानात माझ्या पुढे दोघी बहिणी उभ्या होत्या. बोलत होती ती धाकटी.

“दादा, याहून भक्कम कुलूप दाखवा.”

“अहो, गेल्याच महिन्यात नेलंत ना?”

“त्याचीही किल्ली करून घेतलीय नवऱ्याने. त्याला सोडून आले, तरी पाठ सोडत नाही.”

“काही चोरीला गेलं का?”

“जात काहीच नाही. संध्याकाळी घरी आले, की फळीवरच्या सगळ्या कपांचे कान भिंतीकडे असतात. त्याला तसेच लागायचे. एखादा वाकडा दिसला, की माझी खैर नसायची. म्हणून आता मी मुद्दाम कसेही ठेवते.”

“छोटे, जरा ऐक.”

“ताई, काल तू दिवसभर घरी होतीस. आला होता ना तो?”

“कुणी आलं नाही गं.”

“मग कप?”

“सकाळी तू चप्पल घातलीस, दार उघडलंस आणि परत आत आलीस. एकेक कप फिरवलास. मी हाक मारली, तर तुला ऐकूच गेली नाही. मग निघून गेलीस कामाला.”

“काहीतरीच काय!”

“तुझी शपथ.”

“धाकट्या ताई, रागावू नका, पण फळीवर मांडलेली ती कुलपं तशीच राहू द्या. मघापासून सगळ्यांच्या कड्या भिंतीकडे करताय.”

“अगंबाई! मी?”

“असू दे. हात काढ.”

“दादा, यातलं एक वाकडं ठेवलं तर चालेल?”

“ठेवा की. कोण काय म्हणतंय?”

तिने आधी मागे वळून दाराकडे पाहिलं. मग एक कुलूप फिरवलं.