रोमच्या पंगतीतली सावली

मंडळी, आधी एक सांगा! भांडलेल्या दोन भावांत पहिलं पाऊल कुणी टाकायचं? धाकट्यानं यायचं, की थोरल्यानं बोलवायचं? ...बघा, मागं तर एकजण चपलाच शोधायला लागला!

बरं, ऐका. रोम शहर! तिथली भाषा लॅटिन, आणि तिच्यात एक शब्द — उंब्रा. उंब्रा म्हणजे सावली. कवी झाडाखाली लोळायचे आणि उंब्रेवर कविता करायचे — दुसरा धंदा काय! पण जेवायला बोलावलेला पाहुणा बरोबर एखादा न बोलावलेला आणायचा ना, त्यालाही म्हणायचे उंब्रा! आणि यजमानानं "तुला कुणी बोलावलं?" असं विचारायचं नाही! हसू नका पाटील, तुमच्याबद्दल नाही बोललो!

तर क्विंटसशेठ आणि त्याचा धाकटा भाऊ डेसिमस. अंजिराचं झाड एकाच्या अंगणात, सावली दुसऱ्याच्या! त्यावरून जुंपली, बोलणं बंद. आता शेठच्या साठीची मेजवानी ठरली, आणि शेठ नुसता उसासे टाकतोय!

बायको म्हणाली, "अहो, भावजींना बोलवा ना!"

"मी? मी थोरला! त्यानं यावं!"

तिकडे डेसिमस म्हणतोय, "बोलावल्याशिवाय जाईन? मेलो तरी नाही!"

दोघांचा मित्र सिल्वियस. त्यानं डेसिमसचा दंडच धरला. "चल!"

"मला आमंत्रण कुठंय?"

"मला आहे ना! तू माझी उंब्रा. सावलीला कसला आलाय मानापमान?"

गेले! क्विंटसनं भावाला पाहिलं, तोंड उघडलं — आणि मिटलं. विचारायची सोयच नाही!

"सिल्वियसराव, तुमच्या सावलीला सांगा, मासा गार होतोय."

"सिल्वियस, शेठना सांग, मीठ कमी पडलंय. आईच्या हातचा असा नसायचा."

आईचं नाव निघालं, आणि शेठला रडूच फुटलं! "अरे डेसिमस, मला तरी कुठं मिळते रे ती चव!" दोघे गळ्यात गळा घालून रडताहेत, आणि मासा सिल्वियसनं संपवला!

निघताना शेठ म्हणाला, "सिल्वियसराव, पुढच्या वेळी तुम्ही नाही आलात तरी चालेल. सावली पाठवा!"

हसलात? आता पुढचं ऐका. त्याच कवींनी मेलेल्या माणसालाही उंब्राच म्हटलंय. त्या सावलीला आमंत्रण पोचत नाही हो! मग कितीही पक्वान्नं करा!

ह्या मंडपातही दोन भाऊ बसलेत. एक डाव्या खांबाला टेकून, एक उजव्या. नावं मी घेत नाही — सगळ्या गावाला ठाऊक आहेत! आता मी डोळे मिटून गजर करतो. डोळे उघडीन तेव्हा एक खांब मला मोकळा दिसला पाहिजे!